मर्शिडीचं टचिंग

दिवाळी सरली, कारखान्यांचे भोंगे सुरू झाले की नगर-मनमाड रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते आणि राहात्याच्या रंभाजी पेंटरला मान वर करायला सवड उरत नाही. कुणाच्या ट्रॉलीचं फाळकं सोललेलं, कुणाला टेम्पोच्या कपाळावर लेकीचं नाव हवं, कुणाला ट्रॅक्टरच्या मडगार्डवर मोर. मोर काढून काढून रंभाजीला मोराचा वीट आला होता. एखाद्याला तो सुचवून बघायचा, बाबा, कमळ काढून देतो, लवकर आटपतं. पण मोराशिवाय ट्रॅक्टर म्हणजे शिंगावाचून बैल, अशी लोकांची समजूत. साठीला टेकलेला गडी. थिनरनं नाक मेलेलं. घरात आमटी करपली तरी बायकोनं सांगितल्यावर कळायचं. निजताना रोज वाटायचं, आता पुरे. सकाळी हात आपसूक ब्रश शोधायचा.

त्या दिवशी मात्र त्यानं शेडवरची कामं तशीच टाकली आणि सायकलला पिशवी अडकवून आप्पासाहेबांच्या बंगल्याची वाट धरली. जावयाचा निरोप आला होता. परत उडालंय म्हणे. तिथंच.

मच्छिंद्र हा रंभाजीचा जावई, त्याच्या शुभांगीचा नवरा, आणि आप्पासाहेबांचा ड्रायव्हर. आप्पासाहेब म्हणजे शिर्डीत लॉज, मळ्यात पेरूची बाग आणि वर्षापासून दारात मर्सिडीज. गावानं तिची लगेच मर्शिडी करून टाकली. गर्द निळा रंग, आणि उन्हात उभी केली की त्या निळ्याच्या पोटात चांदीचा बारीक दाणा लुकलुकायचा. जसं आवसेच्या रात्री विहिरीत वाकून बघावं आणि खाली चांदण्या सांडलेल्या दिसाव्यात. आधी आधी माणसं नुसती बघायला यायची. हात लावायची कुणाची छाती होत नसे.

त्या गाडीच्या उजव्या दारावर, किल्लीच्या भोकाशेजारी, चिंचोक्याएवढा रंग उडायचा. पहिल्यांदा उडाला तेव्हा आप्पासाहेब म्हणाले, खडा लागला असेल, आणि रंभाजीला बोलावून टचिंग करून घेतलं. तो दाण्याचा निळा जुळवताना रंभाजीचे डोळे गळायला लागले होते. पुन्हा उडाला तेव्हा आप्पासाहेबांचा सूर बदलला. खडा लागतो तो पुढून, दाराला कुठला लागायला? गाडी ताब्यात कुणाच्या असते? आवाज न चढवता ते मच्छिंद्रला म्हणाले होते, "परत दिसलं, तर किल्ली टेबलावर ठेवायची आणि घरी जायचं. बोलायचं काही नाही."

आप्पासाहेब शब्दाला पक्के होते, हीच अडचण होती.

नोकरी जाईल याचं रंभाजीला एवढं नव्हतं. हातात लायसन असलेला माणूस उपाशी मरत नाही. पण मच्छिंद्र आधी ट्रकवर होता. आठ-आठ दिवस घरी नसायचा, आणि यायचा तो भिंतीला धरून. शुभांगी माहेरी यायची तेव्हा पदर खांद्यावरून घट्ट ओढून बसायची, आणि आईनं विचारलं तर म्हणायची, कुठं काय, पडले मोरीत. मर्शिडीवर बसला आणि माणूस बदलला. आप्पासाहेबांना वास चालत नसे. रोज दाढी, पांढरा शर्ट, सांजेला घरी. गेल्या पंचमीला शुभांगी आली ती आईशी हसून बोलत होती, आणि रंभाजी ओसरीवर बसून नुसता ते हसू ऐकत राहिला होता. किल्ली टेबलावर गेली की मच्छिंद्र ट्रकवर जाणार, आणि ट्रकवर गेला की ते हसू गेलं. एवढा साधा हिशेब होता.

म्हणून तर जीव जास्त तुटत होता. कारण किल्लीच्या भोकाशेजारी ओरखडा कुणाच्या हातून पडतो, हे सांगायला जोतिषी लागत नाही. ज्याचा हात लटपटतो त्याच्या.

बंगल्यावर पोचला तेव्हा मच्छिंद्र फडकं घेऊन गाडी पुसत होता. पोर्चच्या सावलीत मर्शिडी न्हाऊन उभी. आप्पासाहेब जीप घेऊन नाशिकला गेलेले, सांजेपर्यंत यायचे नव्हते. तेवढ्यात काम उरकायचं होतं. रंभाजीनं पिशवी खाली ठेवली आणि दाराकडे बघायच्या आधी जावयाच्या डोळ्यांकडे बघितलं. मच्छिंद्रला ते कळलं.

"हुंगून बघा, मामा. लाजू नका."

"मी कुठं काय म्हनलो, पाव्हणं?"

"म्हनायचं कशाला? शुभी रोज पान्याचा तांब्या द्यायच्या निमित्तानं तोंडाशी येती. आता तुमी. थेंब न्हाई घेतलेला, पन कुनाला सांगू?" तो फडकं पिळत राहिला. पिळून कोरडं झालं तरी पिळत राहिला. मग मालकीणबाईंचं, वहिनीसाहेबांचं सामान आणायचंय म्हणून स्कूटर काढून बाजारात गेला.

रंभाजी दाराशी उकिडवा बसला. गुडघे कटकटले. चष्मा चढवून त्यानं जागा न्याहाळली. खडा लागला तर रंग चांदणीसारखा फुटतो, चहूबाजूंनी कडा उडतात. हा तसा नव्हता. वरून खाली ओढलेली एक चीर, आणि शेवटाला टोक फिरवून काढलेला खळगा. किल्लीचा ओरखडा असा नसतो. लटपटता हात इकडंतिकडं चार रेघा मारतो. इथं एकच होती, आणि बेतानं मारलेली. रंभाजीला जरा बरं वाटलं, आणि लगेच बरं वाटणं ओसरलं. मग कुणी केलं? मच्छिंद्रच्या वाईटावर कोण होतं?

विचार करायचा कंटाळा आला म्हणून त्यानं काम धरलं. पॉलिश पेपरची घडी पाण्यात बुडवली आणि खळग्याच्या कडा हलक्या हातानं मोडायला लागला. या कामाला जोर चालत नाही. लेकराच्या डोक्यावरची खपली काढावी तसं करावं लागतं.

घरात जायच्या पायरीवर आप्पासाहेबांची आई मेथी निवडत बसली होती. आक्काबाई. गाव तिला आक्का म्हणायचं. सत्तरीच्या पुढची, हाडं मोजून घ्यावीत अशी बाई, पण आवाज अजून जात्याच्या घरघरीसारखा भरदार. बंगल्यात संगमरवर आला तरी तिची पायरी तिनं सोडली नव्हती. ती बराच वेळ रंभाजीचा हात बघत होती.

"किती येळा बुजवशील रे?"

"उडतंय तोवर, आक्का."

"ऱ्हाऊ दे की तेवढं. कुनाला काय खुपतंय?"

रंभाजी हसला. म्हणाला, मालकाला खुपतंय. म्हातारीनं मेथीची काडी मोडली, पानं एकीकडे, दांडा एकीकडे. मग कुणाशीच नसल्यासारखी पुटपुटली. सूर नव्हता, नुसते शब्द, जात्यावरचे:

आल्यागेल्याची नजर, हिला सुरीवानी धार
काजळाच्या बोटानं गं, मी लाविते आड दार

रंभाजीचा हात थांबला. त्याची नजर पायरीच्या कडेला गेली. तिथं तुळशीच्या कुंडीत खुरपं खोचलेलं होतं. लहानसं, टोक झिजून बारीक झालेलं. आणि त्या टोकाला निळं काहीतरी लागलेलं होतं, पोटात चांदीचा दाणा असलेलं.

तो खुरप्याकडे बघतोय हे आक्कानं बघितलं. तिनं लपवलं नाही.

"काजळच लावत हुते मी," ती म्हणाली. "रोज, उजाडायला. तुजा जावई मागनं येतो आन् पुसून टाकतो. लई कष्टाळू पोर. त्याला वाटतं गिरीस लागलंय. मी लावायचं, त्यानं पुसायचं. मग म्हनलं, पुसता येत न्हाई असं लावू."

सांगितलं ते तिनं भांडं घासल्याचं सांगावं तसं सांगितलं. मग थोडं थांबून बाकीचं. थोरला लेक सहादेव. त्यानं पहिली जीप घेतली तेव्हा तिनं दाराला काजळाचं बोट लावलं होतं, जिथून माणूस आत शिरतो तिथं. झेंडूची माळ घातलेली नवी जीप, आणि दाराला काळा डाग; पोरगा हसला आणि तिच्या देखत रुमालानं पुसून गाडीत बसला. बाभळेश्वरच्या पुढं गेला नाही. जीपला तिनं नंतर बघितलं, तर कुठं ओरखडा नाही असं एकच दार उरलं होतं, आणि ते तेच.

आता या धाकट्याला असली गाडी, की वाटेनं जाणारा थांबून बघतो. लिंबू-मिरची बांधली तर त्यानं पाहुण्यांसमोर तोडून फेकली. म्हणाला, आई, हा काय भाजीचा टेम्पो आहे? पाहुणे हसले. तीही हसली म्हणे. काय करणार?

रंभाजीला आधी राग आला. म्हातारपणाचा राग, पोटातून वर येईस्तोवर दमून जाणारा. त्यानं तिला सांगितलं, की तुमच्या या काजळापायी माझ्या पोरीचा संसार मोडायला आलाय. की आप्पासाहेबांनी मच्छिंद्रला काय बजावलंय. की मी सासरा असून आज त्याच्या डोळ्यांत दारू शोधायला आलो. आक्काचे हात मेथीत थांबले.

"मला कुनी सांगतं का काय," ती हळू म्हणाली. "मी सांगते आप्पाला, की मी केलं."

पण सांगता सांगताच तिला दिसलं असावं पुढं काय होईल ते. आप्पा म्हणेल, आई ड्रायव्हरला पाठीशी घालते. रोज त्याला भाकरी वाढते, माया लागलीय. आणि खरं वाटलंच, तर पुढच्या पाहुण्यांना सांगायला गोष्ट झाली. तिनं खुरपं कुंडीतून काढून रंभाजीपुढं धरलं. जसं पोलिसापुढं धरावं.

"घिऊन जा. पन मग मी काय करू ते सांग. तुमच्यात काय करत्यात?"

"आमच्यात हे न्हाई, आक्का. आमच्या बापानं सोडलं सगळं."

"मग तुमची लेकरं आजारी पडत न्हाईत?"

"पडत्यात. दवाखान्यात नेतो."

तिला ते पटलंही असावं, पण सहादेवला दवाखान्यात न्यायलासुद्धा वेळ मिळाला नव्हता.

रंभाजीनं पॉलिश पेपर पुन्हा पाण्यात बुडवला. बापानं नागपूरहून आल्यावर घरातले गंडे, अंगारे, देव्हाऱ्यातले टाक सगळं गोदावरीत सोडलं होतं. पुन्हा असलं काही घरात दिसलं तर बघा, म्हणाला होता. आई हो म्हणाली. सांजेला वंदना म्हणायची, न चुकता, अगदी शब्द न् शब्द. आणि रंभाजीचा धाकटा भाऊ पाळण्यात होता तेव्हा त्याच्या तळपायाला काजळाचा ठिपका असायचा. गालाला नाही, कपाळाला नाही. तळपायाला, जिथं कुणाची नजर जात नाही. बापाला ठाऊक होतं. रंभाजीला आठवत होतं ते एवढंच, की बाप पोराला कडेवर घ्यायचा, खेळवायचा, उंच उडवायचा, पण त्याचा पाय उचलून कधी बघायचा नाही.

तो उठला. गाडीचं दार सताड उघडलं. पिशवीतून काळ्या रंगाची डबी काढली आणि झाकणात थेंबभर रंग घेतला.

"आक्का, हिकडं या. गालाला लावलं तर पुसून टाकत्यात. आपुन तळपायाला लावू."

आतून पाट आणून त्यानं तिला दारापाशी बसवलं. दाराच्या खालच्या कडेला, जी मिटल्यावर आत जाते, तिथं खालच्या अंगानं बोटभर जागा त्यानं घासून साफ केली. काडीला रंग लावून तिच्या हातात दिली. तिनं काडी परत केली. काडीनं कुठं तीट लावतात का? तिनं झाकणात करंगळी बुडवली, वाकली, वाकताना तोंडातून हुं असा आवाज आला, आणि बोट दाराच्या तळाला टेकवलं. काढलं लगेच नाही. ओठ हलत होते. सहादेवचं नाव होतं की आप्पाचं, ते रंभाजीनं ऐकायचा प्रयत्न केला नाही. दुसरीकडे तोंड करून उभा राहिला.

काळा, गोल ठिपका. त्यात तिच्या बोटाच्या रेघा उठल्या होत्या. सुकल्यावर रंभाजीनं त्यावर लॅकरचा हात फिरवला.

"आता हे पावसानं जायचं न्हाई, जावयाच्या फडक्यानंबी न्हाई. पन वरचं दार तुमी सोडायचं."

"सोडलं," आक्का म्हणाली.

तिचं बोट काळं झालं होतं. रंभाजीनं थिनरचा बोळा घेऊन ते पुसलं, नखाच्या कडेकडेनं. इतकं हलकं बोट, की हातात धरलंय हे बघितल्याशिवाय कळू नये. थंड लागतंय, म्हणाली, आणि पोरीसारखं बोट फुंकत पायरीवर जाऊन बसली.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. आप्पासाहेब सांजेचे दुपारीच आले होते.

दारावर अजून अस्तरही धरलं नव्हतं. निळ्याच्या मधोमध घासलेली पांढुरकी जागा, आंधळ्या डोळ्यासारखी. आप्पासाहेब जीपमधून उतरले, प्रवासानं चेहरा आंबलेला, आणि चालता चालता थांबले. त्याच वेळी मच्छिंद्रची स्कूटर फाटकातून आत आली. पायात पिशव्या, पिशवीतून कोथिंबीर बाहेर डोकावलेली. त्यानं मालकाला बघितलं, दाराला बघितलं, आणि स्कूटर स्टँडवर लावायचंही त्याला सुचेना.

आप्पासाहेबांनी फक्त हात पुढं केला, तळवा वर करून.

मच्छिंद्रचा हात खिशात गेला. पायरीवर आक्कानं तोंड उघडलं होतं. काय सांगणार होती, कोण जाणे. रंभाजीला एवढंच दिसलं, की ती ज्या माणसाशी बोलायला निघाली आहे तो आज ऐकायच्या तयारीत नाही.

"साहेब, त्याचा दोष न्हाई," रंभाजी म्हणाला. "माजा हाय. मागल्या येळी खालचं पॉलिश नीट न काढताच मी रंग धरला. बसलाच न्हाई तो. पानी शिरलं आन् पोपडा आला. पयल्या येळंलाबी तसंच झालं असनार. रंग कच्चा माजा. पाव्हण्यांना उगं बोल लागला."

सगळं आयुष्य ज्या हातावर काढलं त्या हाताबद्दल तो हे बोलत होता, आणि आवाज कुठं अडला नाही याचं त्यालाच नवल वाटलं. थकलेल्या माणसाला खोटं बोलणं सोपं जातं. खरं धरून ठेवायलाच जोर लागतो.

आप्पासाहेबांनी त्याच्याकडे बघितलं. मग दाराकडे. कच्च्या कामाची गोष्ट त्यांना पटली. पटण्यासारखीच होती ती.

"म्हणजे मी या पोराला उगाच..." ते म्हणाले, आणि वाक्य सोडून दिलं. "रंभाजी, एवढी वर्षं रंगवतोस आणि हे? जाऊ दे. ट्रॅक्टर रंगवणाऱ्याला मी ही गाडी दाखवली, माझंच चुकलं. मच्छिंद्र, उद्या पुण्याला ने. आणि याच्यापुढं इथं कुणाचा हात लागायला नको." पुढं केलेला हात त्यांनी मागे घेतला. तो रिकामाच होता. आईजवळून जाताना, जेवलीस का, एवढं विचारलं आणि आत गेले.

आक्का रंभाजीकडे बघत राहिली. त्यानं मान हलवली, नको म्हणून. मग डब्या आवरल्या, पेपर गोळा केले, सांडलेलं पाणी फडक्यानं टिपलं.

मच्छिंद्र फाटकापर्यंत सोबत आला. सायकलला पिशवी त्यानंच अडकवली, पण बोलायला लागला तेव्हा आवाजात सहा महिन्यांचं साचलेलं होतं.

"एवढंच हुतं तर आधी सांगायचं न्हाई का, मामा? झोप न्हाई मला. घरात ती हुंगती, हितं मालक बघतो, आन् तुमी येऊन आधी माज्या डोळ्यांत बघितलं. रंग तुमचा कच्चा, आन् संशेव माज्यावर."

रंभाजीच्या ओठांवर सगळं आलं होतं. पण मच्छिंद्रला सांगितलेलं शुभांगीला कळणार, शुभांगीचं आळीला, आणि आळीचं फिरून याच फाटकातून आत येणार, पाहुण्यांच्या हसण्यासाठी.

"चुकलं, पाव्हणं," तो म्हणाला. "दिसत न्हाई आता पयल्यासारखं."

मच्छिंद्र विरघळला. माणूस वाईट नव्हताच. त्यानं सासऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठेपणानं म्हणाला, "व्हतं असं. वय झालं तुमचं. आता बारीक कामं घेत नका जाऊ."

"न्हाई घेत."

तो वळला आणि आत गेला. रंभाजीला फाटकाच्या गजांतून दिसत होतं: मच्छिंद्रनं पायरीपाशी थांबून आक्काला काहीतरी सांगितलं, हात उडवून, बहुधा पेंटर सासऱ्याची फजितीच, आणि आपल्याच बोलण्यावर तो हसला. मान मागं टाकून, मोकळा. आक्का हसली नाही. तिनं त्याला वाकायला सांगितलं आणि त्याच्या गालावरून हात फिरवून कानशिलाशी बोटं मोडली.

रंभाजीनं सायकलवर टांग टाकायला पाय उचलला, आणि परत खाली ठेवला. रस्ता सपाट होता, वाराही नव्हता. तरी तो सायकल हातात धरून चालतच निघाला.